एकांतात लिहिणारे चुलते गेले. त्यांच्या न छापलेल्या वह्यांचं काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे : चुलते अविवाहित होते. चाळीस वर्षं लिहीत राहिले, पण कुणाला ओळ दाखवली नाही. ते वारले आणि गावाकडच्या घरात दोन पेट्या भरून वह्या निघाल्या. "माझं काही छापू नका" असं ते एकदा म्हणाले होते. आता हक्क कुणाचा, आणि छापावं की नाही?

छापायचं नंतर बघू. आधी त्या पेट्यांतलं सामान जसं लागलंय तसंच राहू द्या. मी ठेच खाल्लीय, म्हणून कळकळीने सांगतोय.

आमचे मामा अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. २००९ साली गेले. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर आवरताना माळवदाच्या खोलीत त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत अकरा वह्या, डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा वाळका पाला. पानापानांत चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. एसटीची तिकिटं, हजेरीपटाचे तुकडे, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. नीटनेटकं करावं म्हणून मी त्या सगळ्या काढून बिस्किटाच्या डब्यात भरल्या आणि वह्या झटकून ठेवल्या. सहा महिन्यांनी वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, चिठ्ठ्या म्हणजेच मामांची दुरुस्ती होती. वहीत ते खाडाखोड करत नसत. नवा मजकूर चिठ्ठीवर लिहून त्या त्या पानात ठेवत. काही चिठ्ठ्या उर्दूत होत्या, कारण मामांचं सुरुवातीचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी त्या वाचून दिल्या. एकीवर एवढंच होतं : "म्हातारी इथे रडत नाही." कुठली म्हातारी, कुठल्या पानावर, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून पेटी उघडल्यावर आधी फोटो, मग हात. वह्यांवर पेन्सिलीने आकडे टाका, चिठ्ठी ज्या पानात असेल त्या पानासकट तिचा फोटो घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मृगाच्या आत पेट्या कोरड्या जागी हलवा. माळवद गळायला लागलं की शाई उतरायला एक रात्र पुरते.

आता हक्काचं. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाची पत्रं ज्यांना आली होती त्यांनी ती विद्यापीठांना दिली होती, तरी चरित्रकाराला ती हवी तशी वापरता आली नाहीत. १९८७ साली तिथल्या न्यायालयाने सॅलिंजरच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मृत्युपत्रात हस्तलिखित कुणाला दिलेलं असेल आणि वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर न छापलेल्या मजकुराचा हक्कही त्यालाच गेला असं धरतात. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. चुलत्यांची सख्खी भावंडं हयात असतील तर तुमच्याआधी त्यांचा नंबर, तेव्हा पेट्या तुमच्या ताब्यात आहेत एवढ्यावर जाऊ नका. लेखन मरणोत्तर छापलं तर हक्क छापल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. प्रकाशकाला मूळ वह्या कधीच देऊ नका, आणि करारात मुदत लिहून घ्या.

राहिला "छापू नका" हा शब्द. काफ्का या लेखकाने मित्राला आपलं सगळं लेखन जाळायला सांगितलं होतं. तो १९२४ साली गेला आणि मित्राने पुढच्याच वर्षी त्याची कादंबरी छापली. त्याचा दाखला देऊन लोक तुम्हाला छापायचा आग्रह करतील. मला मात्र सॅलिंजर तुमच्या चुलत्यांच्या जास्त जवळचा वाटतो. १९६५ नंतर त्याने काही छापलं नाही, न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहान गावात राहून लिहीत मात्र राहिला, आणि २०१० च्या जानेवारीत एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. मुलीने आठवणींत लिहिलंय की कागदांवर त्याच्या रंगांच्या खुणा होत्या : लाल म्हणजे माझ्यामागे आहे तसं छापा, निळी म्हणजे आधी संपादन करा. वडील शेवटपर्यंत लिहीत होते आणि ते लेखन वाचकांपुढे येईल, असं मुलाने २०१९ साली सांगितलं. म्हणजे हयातीत न छापणारा माणूस कायमचं नको म्हणतोय असं नसतं. तुमच्या चुलत्यांनीही अशी काही खूण ठेवलीय का ते शोधा : एखाद्या वहीवर नाव, स्वच्छ उतरवलेली प्रत, वेगळं बांधलेलं बाड. दोनदा उतरवून काढलेलं लेखन वाचकासाठी असतं, असं माझं मत आहे. रोजनिशी आणि घरच्यांची पत्रं मात्र, त्यातली माणसं हयात आहेत तोवर, मी छापणार नाही.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला. १६१५ साली ते गेले, ते कापड अजून आहे. सांभाळलं म्हणून वाचायला मिळालं.

मामांच्या अकरा वह्यांचं स्कॅनिंग झालंय. मामी म्हणाल्या, "माझ्यामागं छापा, बाबा," म्हणून थांबलोय. डब्यातल्या तेवीस चिठ्ठ्यांची पानं अजून सापडलेली नाहीत.