पादचारी पूल असताना खालून रस्ता ओलांडणाऱ्यांना दंड का करू नये?

दंडाचं नंतर सांगतो. आधी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तो पूल एकदा चढून बघा.

पुण्यात आमच्या घरासमोर सहापदरी रस्ता आहे. भाजीबाजार पलीकडे, बसथांबाही पलीकडे. मध्ये पूल, 42 पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. खालून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळे सोडावे लागतात, त्यामुळे पायऱ्या कमी होणं शक्यच नाही. लिफ्ट आहे, पण वर्षातले बरेच महिने बंद. आईचं वय 71, दोन्ही गुडघे झिजलेले.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, ती खालून निघाली. दुभाजकापर्यंत पोचली, पण तो जेमतेम दीड फूट रुंद आणि त्यावरही झाडं लावलेली. एक पाय रस्त्यावर ठेवूनच उभी राहिली. एका दुचाकीत पिशवी अडकली आणि आई पडली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. दादा दवाखान्यात आला आणि हात बघायच्या आधी म्हणाला, "पूल असताना खालून कशाला गेलीस?" आई काहीच बोलली नाही. तेव्हापासून ती एकटी पलीकडे गेलेली नाही. मेथीची जुडी हवी असली तरी माझी वाट बघते.

पुढच्या रविवारी मी टेप आणि घड्याळ घेऊन चौकात गेलो. सिग्नल घरापासून 400 मीटरवर, म्हणजे समोरच्या दुकानात जायला 800 मीटरचा वळसा. रस्ता 24 मीटर रुंद, चालणाऱ्यांचा हिरवा दिवा 15 सेकंद. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो, म्हणजे त्यालाही 20 सेकंद हवेत. आईच्या चालीने 32 लागतात. दादाला हे दाखवलं तर म्हणाला, "मग गाड्या किती वेळ थांबवायच्या?" अजून 17 सेकंद. एवढंच मागतोय.

पादचारी पूल पादचाऱ्यांसाठी बांधत नाहीत, गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून बांधतात. चालणाऱ्याला जमिनीवरच ओलांडता आलं पाहिजे. क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. दुभाजकात दोन मीटर रुंद थांबायची जागा ठेवा. ताशी 30 च्या धडकेत माणूस बहुतेक वेळा वाचतो, 50 ला मरण्याची शक्यता कितीतरी वाढते. हे काही परदेशी खूळ नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत फूटपाथची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर दिली आहे. पुण्याचं स्वतःचं पादचारी धोरण 2016 चं आहे. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केल्यावर आई तिथे माझा हात न धरता चालली, ते मी पाहिलंय. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मोकळा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

आता दंड. करायचाच असेल तर आखणी करणाऱ्यांना करा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198अ आलं. ठरलेली सुरक्षा मानकं न पाळल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

द्रुतगती मार्ग आणि रेल्वेचे रूळ यांची गोष्ट वेगळी, तिथे पूलच हवा. आणि कानाला फोन लावून धावत्या बससमोर उतरणाऱ्याची बाजू मी घेत नाहीये. पण तुम्ही ज्यांना दंड करा म्हणताय त्यांत माझी आई आहे.

दादा, तूही इथे वाचतोस. येत्या रविवारी गाडी घरी ठेव, आईचा हात धर आणि त्या 15 सेकंदांत तिला पलीकडे नेऊन दाखव. घड्याळ मी आणतो.