हिमबिबट्या, मेंढवाडा आणि नुकसानीचा हिशेब

प्रश्न (एक शिक्षक, नान्नज, ता. उत्तर सोलापूर) : आमच्या माळरानावर लांडगा धनगरांच्या कळपातून एखादे कोकरू उचलतो आणि कुरकुर करत का होईना, ते नुकसान सोसले जाते. लडाखमध्ये मात्र हिमबिबट्या एका रात्रीत डझनभर शेळ्यामेंढ्या मारतो, असे वाचले. हा प्राणी इतका क्रूर आहे का? आणि सरकारने भरपाई दिली की प्रश्न मिटत नाही का?

उत्तर : क्रौर्याचा येथे संबंध नाही, दोष बहुतेक वेळा मेंढवाड्याच्या बांधणीत असतो. लडाख आणि स्पीतीमधील (हिमाचल प्रदेशातील उंचावरचे खोरे) जुने मेंढवाडे दगडी भिंतींचे, पण वरून उघडे किंवा छताला मोठे भोक ठेवलेले असतात. हिमबिबट्या भिंतीवरून सहज आत उतरतो. उघड्या डोंगरावर एका भरलवर (निळसर राखाडी रंगाच्या रानमेंढीवर) झडप घातली की बाकीचा कळप उधळून जातो आणि शिकार तिथेच संपते; कोंडलेल्या जनावरांना मात्र पळायला वाट नसते, ती जिवाच्या भीतीने त्याच्याभोवतीच धावत राहतात आणि त्या गोंधळात तो एकामागून एक जनावर मारत जातो. सकाळी मालकाला जे दिसते, ते त्याची वर्षभराची कमाई असते. पूर्वी अशा वेळी आत अडकलेल्या हिमबिबट्याला दगडांनी ठेचून मारल्याचे प्रकार घडत. माणसावर तो सहसा हल्ला करीत नाही, त्यामुळे भांडण आहे ते जनावरांपुरतेच.

यावरचा उपाय साधा आहे. मेंढवाड्यावर लाकडी वासे टाकून तारेची मजबूत जाळी बसवायची आणि दार घट्ट बंद होईल असे करायचे. लडाखमध्ये संस्थांनी साहित्य पुरवून आणि गावकऱ्यांनी श्रम करून असे अनेक मेंढवाडे सुधारले आहेत. दिवसा कुरणात होणारी शिकार मात्र जाळीने थांबत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे महत्त्व तिथेच आहे.

नुसत्या भरपाईचा अनुभव आपल्याकडेही वेगळा नाही. महाराष्ट्रात लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते, पण वन विभागाकडे वर्दी, पंचनामा आणि कागदपत्रे होईपर्यंत धनगराचा वाडा (कळपासह फिरता तळ) दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या स्पीतीत ही पायपीट किती अवघड असेल, याची कल्पना करावी. म्हणून तेथील किब्बर गावात 2002 मध्ये पशुविमा योजना सुरू झाली. जनावरामागे हप्ता पशुपालक स्वतः भरतात, दावा खरा की खोटा हे गावाचीच समिती ठरवते, आणि जो राखण नीट करतो त्याच्यासाठी बक्षीसही ठेवले गेले. शेजाऱ्याचे जनावर कड्यावरून पडून मेले की हिमबिबट्याने मारले, हे गावाला कोणत्याही साहेबापेक्षा चांगले कळते. माझ्या मते या योजनेचे बळ पैशापेक्षा या निवाड्यात अधिक आहे.

याच गावाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस कुरणाचा काही भाग मोबदला घेऊन चराईमुक्त ठेवला आणि तेथे भरलांची संख्या वाढली. रानातील भक्ष्य वाढले की पाळीव जनावरे आपोआप वाचतात, असा आपला समज असतो, पण स्पीतीतील अभ्यास वेगळेच सुचवतो : भरल वाढले की हिमबिबटेही वाढतात आणि जनावरांवरील हल्लेही वाढू शकतात. म्हणूनच राखीव कुरण, विमा आणि बंदिस्त मेंढवाडा ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. नान्नजच्या माळाला हा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही, कारण धनगरांचा मुक्काम फिरता आणि जाळीचे कुंपण तात्पुरते असते; विम्याचा दावा गावाऐवजी वाड्यातल्या जाणत्यांनी ठरवण्याची सोय मात्र विचारात घेण्याजोगी आहे.

प्रश्न (एक वाचिका, जुळे सोलापूर) : भारतात 718 हिमबिबटे आहेत, इतका नेमका आकडा कसा काढला?

उत्तर : ही डोकी मोजून केलेली गणती नाही, अंदाज आहे. 2019 ते 2023 या काळातील पाहणीत 1,971 ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले आणि अंगावरच्या ठिपक्यांच्या रचनेवरून 241 वेगवेगळे प्राणी ओळखता आले. उरलेला हिशेब संख्याशास्त्राचा. भारतीय वन्यजीव संस्थेने समन्वय केलेल्या या पाहणीचा अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. सर्वाधिक, म्हणजे 477, लडाखमध्ये आहेत.

प्रश्न (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी) : आम्ही मित्र हिवाळ्यात हिमबिबट्या पाहायला जाणार आहोत. आमच्या जाण्याने त्याचे नुकसान होते का?

उत्तर : कुठे उतरता यावर ते अवलंबून आहे. लेहजवळच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबाक गावात घरगुती निवासाची सोय आहे. तिथे राहिलात तर पैसा ज्यांची जनावरे मारली जातात त्यांच्याच घरात जातो. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि फोटोसाठी प्राण्याच्या मागे लागू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : उरलेले अन्न उघड्यावर टाकू नका. अशा उकिरड्यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्या भरलांबरोबर गावच्या मेंढ्याही फाडतात. उरलेसुरले घरमालकिणीकडे दिले, तर ते गोठ्यातल्या जनावरांच्या उपयोगी पडते.