कीबोर्ड उघडा असताना सेव्हचं बटण दोनदा का दाबावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिॲक्ट नेटिव्हमधल्या (मोबाइल ॲप बनवायच्या चौकटीतल्या) फॉर्ममध्ये शेवटचा रकाना भरून सेव्ह दाबलं की पहिल्या टॅपला नुसता कीबोर्ड खाली जातो आणि सेव्ह दुसऱ्या टॅपला होतं. काही फोनवर तर बटणच कीबोर्डमागे दडतं. यावर एखादी लायब्ररी आहे का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "तोपर्यंत वापरणाऱ्यांना दोनदा दाबायला सांगितलंय." मी उत्तर लिहितोय ते या शेवटच्या वाक्यामुळे. ती सूचना आजच काढून टाका. तिच्यामुळे पुढे काय होतं ते खाली सांगतो.

आधी सरळ उत्तर. स्क्रोलव्ह्यूला (पडद्याच्या सरकणाऱ्या भागाला) 'कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स' नावाचा प्रॉप, म्हणजे सेटिंग, असतो आणि तुम्ही काही लिहिलं नाही तर तो 'नेव्हर' धरला जातो. म्हणजे कीबोर्ड वर असताना रकान्याबाहेर कुठंही बोट लागलं की ती टॅप स्क्रोलव्ह्यू स्वतःकडे घेतो, कीबोर्ड उतरवतो आणि बटणापर्यंत काहीच पोचू देत नाही. तिथं 'हँडल्ड' लिहा. मग बटणावरची टॅप बटणाला मिळते आणि मोकळ्या जागेवरची टॅप कीबोर्ड उतरवते. 'ऑल्वेज' लिहू नका, त्यात मोकळ्या जागेवर कितीही टॅप केलं तरी कीबोर्ड जागचा हलत नाही. आणि स्क्रोलव्ह्यूच्या आत दुसरा स्क्रोलव्ह्यू किंवा फ्लॅटलिस्ट (सरकणारी यादी) असेल तर बाहेरच्यापासून आतल्यापर्यंत प्रत्येकाला हा प्रॉप लागतो. "लावून बघितला, फरक पडला नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचा बाहेरचा एक सुटलेला असतो.

पण एवढाच बदल करून ॲपचं नवं बिल्ड सोडलंत तर फसाल. नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी केलेल्या आवक नोंदीच्या ॲपमध्ये नेमकं हेच झालं.

स्क्रीन एकच होती. शेतकऱ्याचं नाव, गाव, वाहन क्रमांक, माल (उन्हाळ, लाल, गोल्टी), वजन क्विंटलमध्ये, भाव, आणि खाली 'पट्टी करा' हे बटण (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची पावती). लिलाव होऊन ट्रॅक्टर काट्यावरून आला की खळ्यावर (व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या आवारात) मुनीम उभ्या उभ्या नोंद करणार. एका हातात काटापट्टी, दुसऱ्या हातात फोन, टाइप करायला एकच अंगठा, मागे ट्रॅक्टरची रांग. दोष तुमच्यासारखाच होता. टीममधल्या अनुभवी माणसांचं म्हणणं होतं की अँड्रॉइड असंच वागतं, लोक शिकतात. माहितीपत्रकात छापूनही टाकलं: "आधी कीबोर्ड बंद करा, मग बटण दाबा." लोक शिकलेही. ते बटण पटापट दोनदा दाबायला शिकले.

पुढे कुणीतरी 'हँडल्ड' लावलं. त्याच दिवशी एकेका ट्रॅक्टरच्या दोन-दोन पट्ट्या निघायला लागल्या, कारण आता पहिलीच टॅप चालत होती आणि दुसरी सवयीने पडत होती. हे तरी लगेच दिसलं. दुसरा घोटाळा जास्त वाईट होता. भावाच्या रकान्यात १८५० टाइप केलेलं पडद्यावर स्वच्छ दिसायचं आणि पट्टीवर आधीच्या ट्रॅक्टरचा १७२० यायचा. पट्टीवर भाव वेगळा म्हणजे खळ्यावर वांधा. शेतकरी मुनीमावर चिडणार, मुनीम ॲपवर.

कारण असं. प्रत्येक रकान्याची किंमत 'ऑनब्लर'मध्ये, म्हणजे फोकस (टाइप करण्यासाठी त्या रकान्याची निवड) सुटताना, साठवली जात होती. जुन्या वागण्यात पहिली टॅप कीबोर्ड उतरवायची, त्याबरोबर फोकस सुटायचा आणि किंमत साठायची. मग दुसरी टॅप सेव्ह करायची. 'हँडल्ड' आल्यावर बटण दाबताना फोकस सुटतच नाही. शेवटच्या रकान्यात टाइप केलेलं रकान्यातच राहतं आणि सेव्ह जुन्या किमतीवर होतं. दोनदा दाबायची सूचना इतके दिवस हा दोष झाकून होती. "बघ, हात लावला आणि बिघडलं, आधी बरं होतं" असं तेव्हा ऐकावं लागलं. आधी ते बरं नव्हतं. ज्याने शेवटचा रकाना भरून कीबोर्डवरचं 'डन' दाबलं आणि मग सवयीने दोनदा टॅप केलं, त्याच्या दोन पट्ट्या तेव्हाही निघत होत्या.

म्हणून क्रम असा धरा. पहिलं, किंमत 'ऑनचेंजटेक्स्ट'मध्येच, म्हणजे दर अक्षराला, साठवा. 'ऑनब्लर' फक्त दिसण्यापुरतं ठेवा: स्वल्पविराम टाकणं, मागची मोकळी जागा काढणं, चूक असेल तर इशारा दाखवणं. दुसरं, बटणाला पहिल्या टॅपवरच कुलूप लावा, आणि ते कुलूप 'यूजरेफ'मध्ये (लगेच बदलणाऱ्या साठ्यात) ठेवा. स्टेटमध्ये ठेवलंत तर पुढचा रेंडर होईपर्यंत (पडदा नव्याने काढला जाईपर्यंत) दुसरी टॅप आत शिरते. तिसरं, प्रत्येक नोंदीला फोनवरच ओळख क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. खळ्यावर रेंज जाते-येते, तेव्हा हे तसंही लागतं. हे तिन्ही झाल्यावर मगच 'हँडल्ड'.

एका रकान्यातून दुसऱ्यात जाणं: 'रिटर्नकीटाइप' 'नेक्स्ट' ठेवा आणि 'ऑनसबमिटएडिटिंग'मध्ये पुढच्या रकान्याच्या रेफवर फोकस बोलवा. एवढंच केलं तर कीबोर्ड क्षणभर खाली जाऊन परत वर येतो आणि सगळा फॉर्म उडी मारतो, कारण एका ओळीचा रकाना सबमिट होताच फोकस सोडतो. नव्या आवृत्तीत 'सबमिटबिहेवियर'ला 'सबमिट' द्या, जुन्यात 'ब्लरऑनसबमिट' फॉल्स करा. मालाची निवड मधे येत असेल तर निवडीची शीट (खालून वर येणारी यादी) उघडण्याआधी कीबोर्ड उतरवा आणि शीट पूर्ण बंद झाल्यावरच वजनाला फोकस द्या. शीटची विंडो अजून समोर असताना मागितलेला कीबोर्ड अँड्रॉइड दाखवत नाही. आणखी एक: अँड्रॉइडवर मागे जाण्याच्या खुणेने कीबोर्ड उतरवला तरी फोकस त्याच रकान्यात राहू शकतो. मग त्याच रकान्यावर पुन्हा फोकस बोलवून कीबोर्ड येत नाही, आधी ब्लर करावं लागतं.

आता वजनाचा रकाना. 'नंबरपॅड' दिलात तर दशांश चिन्ह नाही आणि २४.६५ क्विंटल लिहिता येत नाही. 'डेसिमलपॅड' द्या. स्टेटमध्ये आकडा ठेवू नका, मजकूरच ठेवा. दर अक्षराला 'पार्सफ्लोट' (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) चालवलंत तर "२४." लिहिल्याबरोबर त्याचे २४ होतात, टिंब पुसलं जातं आणि मुनीमाला वाटतं की बोट नीट पडलं नाही. आकडा सेव्हच्या वेळी करा. आयफोनच्या आकडी कीबोर्डवर 'नेक्स्ट' नसतंच, तिथं 'इनपुटॲक्सेसरीव्ह्यू' लावून कीबोर्डवरच्या आडव्या पट्टीवर स्वतःचं 'पुढे' बटण द्यावं लागतं.

वाहन क्रमांकाला 'एमएच १५' आधीच भरून ठेवा, नाशिकच्या बहुतेक गाड्यांना ते पुरतं. मालेगावकडच्या गाड्या ४१ च्या असतात, तेव्हा खोडता यायला हवं. अक्षरं मोठी हवीत म्हणून 'ऑनचेंजटेक्स्ट'मध्ये 'टूअपरकेस' करू नका. अँड्रॉइड कीबोर्ड जुळवत असलेला शब्द तुम्ही मधेच बदललात की तो आधीची अक्षरं पुन्हा टाकतो आणि रकान्यात अक्षरांची पुनरावृत्ती दिसते. 'ऑटोकॅपिटलाइझ'ला 'कॅरेक्टर्स' द्या, बाकीचं सेव्हच्या वेळी.

मराठी नावांचा रकाना तर बहुतेक फॉर्ममध्ये मोडकाच असतो आणि याचा मला मनापासून राग येतो. "फक्त अक्षरं चालतील" असा रेजेक्स (मजकूर तपासायचा नमुना) लिहितात, त्यात युनिकोडचा अक्षरांचा वर्ग घेतात आणि चिन्हांचा वर्ग विसरतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे चिन्हांच्या वर्गात आहेत. मग 'निफाड' लिहिलं की रकान्यात 'नफड' उरतं. दोन्ही वर्ग घ्या. 'मॅक्सलेंग्थ'चंही (लांबीच्या मर्यादेचंही) तसंच: डोळ्याला 'त्र्यंबकेश्वर'मध्ये पाच अक्षरं दिसतात, मोजली जातात तेरा. गावाच्या नावाला बाराची मर्यादा ठेवलीत तर शेवटचा 'र' पडतच नाही. आणि मराठी कीबोर्डवरून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेले देवनागरी अंक 'पार्सफ्लोट'ला कळत नाहीत, उत्तर 'नॅन' (आकडा नाही) येतं. युनिकोडमध्ये ते दहाही अंक सलग आहेत, बदलायला एक ओळ पुरते. मराठी माणसाने मराठी अंक लिहिले म्हणून त्याला लाल इशारा दाखवू नका.

बटण कीबोर्डमागे दडण्याबद्दल. अँड्रॉइडवर मॅनिफेस्टमधलं (ॲपच्या माहितीच्या फाइलमधलं) 'ॲडजस्टरिसाइझ' पूर्वी खिडकी आपोआप लहान करायचं. तुमचं टार्गेट एसडीके (ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी ॲप बनवलंय तिचा क्रमांक) ३५ असेल तर अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप कडेपासून कडेपर्यंत पसरतं आणि ते आपोआप होणं थांबतं. कीबोर्डचा इन्सेट (त्याने व्यापलेली जागा) स्वतः वाचून जागा सोडावी लागते. "फक्त नव्या फोनवरच होतं" ही तक्रार असेल तर आधी इथं बघा. 'कीबोर्डअव्हॉइडिंगव्ह्यू' वापरत असाल तर वर हेडर असताना 'कीबोर्डव्हर्टिकलऑफसेट'मध्ये हेडरची उंची द्या, नाहीतर बरोबर तेवढाच भाग झाकलेला राहतो. कीबोर्डची उंची आकडा म्हणून कधीच लिहू नका. शब्द सुचवणारी पट्टी आली, मराठीतून इंग्रजीत गेलं, फोन आडवा झाला की ती बदलते, आणि तरंगता कीबोर्ड असेल तर सोडायची जागाच नसते.

लायब्ररी विचारलीत तर 'रिॲक्ट नेटिव्ह कीबोर्ड कंट्रोलर' चांगली आहे. तिचा 'कीबोर्डअवेअरस्क्रोलव्ह्यू' रकाना दिसेल इतका फॉर्म सरकवतो आणि 'कीबोर्डस्टिकीव्ह्यू' बटण कीबोर्डच्या डोक्यावर बसवतो. पण ऑनब्लरमध्ये साठवलेली किंमत आणि दुहेरी पट्टी ती सोडवणार नाही.

काही मर्यादाही सांगतो. फोकस एकेका अक्षरानंतर सुटत असेल तर वरचं काही लागू नाही. तिथं तुमचा रकाना दर रेंडरला नव्याने तयार होतोय: कंपोनंट दुसऱ्या कंपोनंटच्या आत लिहिलाय, त्याचा 'की' प्रॉप बदलतोय, किंवा फ्लॅटलिस्टच्या हेडरला तिथल्या तिथे लिहिलेलं फंक्शन दिलंय. फ्लटर (ॲप बनवायची दुसरी चौकट) असेल तर तीच चूक 'बिल्ड'मध्ये 'फोकसनोड' बनवण्याने होते. आणि शेऱ्यासारख्या बहुओळी रकान्याला 'नेक्स्ट' लावू नका, तिथं माणसाला खालची ओळ हवी असते. तो रकाना सगळ्यात शेवटी ठेवा.

बदल केल्यावर तपासणी टेबलावर करू नका. लहान पडद्याचा, फाँट मोठा केलेला फोन घ्या, एका अंगठ्याने पूर्ण नोंद भरा, कीबोर्ड न उतरवता बटणावर पटापट दोनदा टॅप करा. मग सर्व्हरवर बघा: नोंद एकच असली पाहिजे आणि भाव शेवटी टाइप केलेला असला पाहिजे.