वॉटरकलरचा कागद महाग का असतो, आणि साध्या हातकागदावर वॉश का बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बर्डीतून आणलेल्या ३०० जीएसएमच्या हातकागदावर वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा पसरट हात) टाकला की रंग लगेच आत जिरतो आणि वाळल्यावर मळकट दिसतो. तेवढ्याच वजनाच्या परदेशी कागदावर असं होत नाही, पण त्याची किंमत कितीतरी पट. दोन्हींवर ‘१०० टक्के कॉटन’ छापलेलं. मग फरक कशाचा? आणि विदर्भात एवढा कापूस पिकतो, तर असा कागद इथे का बनू नये?

फरक सायझिंगचा आहे, म्हणजे कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला दिलेल्या खळीचा. जीएसएम म्हणजे नुसतं वजन, चौरस मीटरला किती ग्रॅम ते. कॉटन म्हणजे नुसता कच्चा माल. रंग कागदावर टिकणार की आत बुडणार, हे या दोन्हींवर ठरत नाही.

कापूस लागतो तो टिकाऊपणासाठी. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. लाकडातलं लिग्निन त्यात नसतं, त्यामुळे वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तसा हा पडत नाही. पण सूत कातायची लांब रुई कागदाला चालत नाही, ती पाण्यात गुंतून गाठी होतात. पूर्वी सुती चिंध्या कापून, कुजवून, कुटून लगदा करत. आता जुन्या कपड्यांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं, म्हणून मोठ्या गिरण्या लिंटर्स वापरतात. जिनिंगनंतरही सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव म्हणजे लिंटर्स. हे तंतू पाण्यात कुटले की त्यांच्या अंगाला बारीक झिपऱ्या सुटतात आणि वाळताना ते एकमेकांना धरून बसतात. चांगल्या कागदाची ताकद इथून येते.

नुसता असा कागद मात्र टीपकागदासारखा वागतो. म्हणून त्याला सायझिंग करतात, आणि तेही दोनदा. पहिलं लगद्यातच मिसळतात, म्हणजे पाणी आतपर्यंत झिरपत नाही. दुसरं कागद तयार झाल्यावर. तो कोमट जिलेटिनच्या टाकीतून काढायचा, जादा जिलेटिन दाबून काढायचं आणि सावकाश वाळवायचा. हे दुसरं काम वेळखाऊ आणि खर्चाचं. बहुतेक साध्या हातकागदात ते नसतंच, कारण तो फाइली, पिशव्या, लग्नपत्रिका यांसाठी केलेला असतो. त्या कामाला तो उत्तम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

जिलेटिनची गोष्ट जुनी आहे. अरब कागजी पिठाची खळ द्यायचे. इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी तेराव्या शतकात तिच्या जागी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं जिलेटिन आणलं. दमट हवेत पिठाच्या खळीला बुरशी लागते, जिलेटिन जास्त टिकतं. इंग्लंडमध्ये चित्रकार टर्नर व्हॉटमन या कागदवाल्याच्या कागदावर रंग पुसायचा, खरवडायचा, ते त्या कडक जिलेटिनच्या जोरावर. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद दगडाने घोटून गुळगुळीत करत. बोरूने लिहायला तो छान. लघुचित्रांची वसली (थर चिकटवून केलेला जाड कागद) हीही अशीच घोटलेली, कारण त्यांचा रंग दाट असतो, वाहणारा नसतो. वाहत्या रंगाची गरजच वेगळी. (जिलेटिन नको असेल तर फाब्रियानोचा आर्तिस्तिको नावाचा कागद पाहा, त्यात ते वापरत नाहीत.)

आता पृष्ठभाग. तो साच्यावर आणि फेल्टवर (लोकरीच्या जाड कापडावर) घडतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. फ्रान्समधल्या आर्शच्या गिरणीत १४९२ पासून कागद बनतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या सेंट कथबर्ट्स गिरणीत सॉन्डर्स वॉटरफर्ड हा वॉटरकलरचा कागद बनतो. दोन्हीकडे सिलिंडर मोल्ड पद्धत आहे. हौदातला लगदा म्हणजे जवळजवळ पाणीच, तंतू शंभरात एखादा भाग. त्यात बारीक जाळी चढवलेला पोकळ सिलिंडर बुडालेला असतो आणि संथ फिरतो. पाणी जाळीतून आत जातं, तंतू जाळीवर बसतात. सिलिंडर वर आला की तो ओला, लिबलिबीत थर लोकरीच्या फेल्टवर उतरतो. त्या फेल्टचं विणकाम ओल्या कागदात दाबलं जातं, आणि कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरबरीत कागदावर आपण बोट फिरवतो तेव्हा लागणारे खळगे तेच. रफ नावाच्या कागदासाठी फेल्ट जास्त खरबरीत घेतात. हॉट प्रेस्ड कागद गरम रुळांतून दाबून सपाट करतात. अल्ट्रामरीन निळ्याचा वॉश टाकून कागद तिरपा धरा. जड कण खळग्यांत उतरतात, उंचवटे उजळ राहतात, आणि आकाशाला तो दाणेदारपणा येतो.

संथ गतीचा दुसरा फायदा म्हणजे तंतू सगळ्या दिशांना विखुरतात. वेगवान यंत्रावर ते धावण्याच्या दिशेला लागतात, मग कागद भिजल्यावर एकाच बाजूने फुगतो आणि लाटा येतात. हाताने साचा चाळणारा कारागीर तो दोन्ही दिशांना हलवतो, त्याचंही कारण हेच. किंमत जाते ती या संथपणात आणि दुसऱ्या सायझिंगमध्ये.

विदर्भाचं म्हणाल तर सरकी आपल्याकडे ढिगाने आहे. पण घाण्यांत ती बहुधा लवेसकट भरडली जाते, आणि ती लव ढेपेबरोबर जनावरांच्या पोटात जाते. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या केंद्रात, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या काळात हातकागदाचं काम झालं, पुण्याला १९४० साली हातकागद संस्था निघाली. पण तेव्हा गरज लिहिण्याच्या कागदाची होती, चित्रकारांची नव्हती. माझं स्पष्ट मत आहे की नागपूर-वर्धा पट्ट्यात हा कागद होऊ शकतो. कौशल्य कमी पडणार नाही. अडेल ते जिलेटिनच्या टाकीपाशी आणि सावकाश वाळवण्यापाशी, कारण एवढा खर्च करायला हमखास गिऱ्हाईक लागतं.

घेताना काय बघायचं? दुकानदाराकडे कोपऱ्याचा तुकडा मागा आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब फुगीर राहून हळूहळू बसला तर सायझिंग आहे. लगेच काळपट डाग पडला तर कागद ठेवून द्या. मग उजेडाला धरा. दाट-विरळ ढग दिसले तर वॉशही तसाच उतरेल. सुट्ट्या वह्यांपेक्षा २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ताव घेऊन चार तुकडे करणं स्वस्त पडतं. रोजच्या सरावाला साधा कागद वापरा, पण आठवड्यात एक चित्र तरी चांगल्या कागदावर करा. नाहीतर कागदाचा दोष तुम्ही स्वतःच्या हाताचा समजत राहाल.

नागपूरच्या हवेचं वेगळं सांगतो. मे महिन्यात वॉश पसरायच्या आत वाळतो, म्हणून कागद मागूनही ओला करा. कूलरच्या थेट झोतात बसू नका: एक कड सुकते, दुसरी दमट राहते आणि वॉशला रेघ पडते. पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद दम धरतो आणि जागोजागी सायझिंग मरतं. कोरा असताना कळत नाही, वॉश टाकला की ठिपके उमटतात. म्हणून जूनच्या आधी उरलेले ताव जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, आडवे ठेवा, आणि भिंतीला लागलेल्या कपाटात मुळीच ठेवू नका. आधीच ठिपके पडत असतील तर ते ताव पेन्सिल आणि पेस्टलसाठी वापरा, तिथे ते छान चालतात.