कॉलेजचं गाव कूल होतंय म्हणे!

प्रश्न: ताई, आम्ही दोघं, एक चौथीतली मुलगी आणि घरभर पुस्तकं. शहरात भाड्याने राहतोय, भाडं दरवर्षी वाढतंय, घर मात्र तेवढंच. शहराबाहेर ट्रेनने पाऊण तासावर एक युनिव्हर्सिटीचं गाव आहे. नवऱ्याचा एक मित्र तिकडे राहायला गेलाय आणि भेटेल त्याला सांगत सुटलाय की ते आता एकदम हॅपनिंग झालंय, पूर्वीसारखं झोपलेलं राहिलं नाही. आम्ही दोन शनिवार जाऊन आलो. खरं सांगू, मस्त वाटलं. कोपऱ्यावर कोणीतरी गिटार घेऊन बसलेलं, जुन्या गोडाऊनमध्ये पुस्तकांचं दुकान, जिकडेतिकडे सायकली. पण माझी आत्या तिथे तीस वर्षं राहतेय, तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘कूल वगैरे काही नाही गं, पोरं येतात, दंगा करतात, जातात. आमच्या गल्लीत ओळखीची तीन घरं उरलीत.’’ नवरा म्हणतो घ्यायचं तर आत्ताच, दोन वर्षांनी हात पोचणार नाही. आता कोणाचं ऐकू? असं गाव खरंच कूल होत असतं, की आपल्याला तसं दाखवलं जातं?
– घर शोधून दमलेली

उत्तर: आधी एक सांग, ते दोन्ही शनिवार सेमिस्टर चालू असतानाचे होते ना? मग तू गाव बघितलंच नाहीस अजून, नटूनथटून बसलेलं गाव बघितलंस. कॉलेजचं गाव बघायचं तर मोठ्या सुट्टीत बघायचं, आणि तेही शनिवारी नाही, मंगळवारी संध्याकाळी. पोरं घरी गेलेली असतात, तेव्हा किती शटरं वर आहेत, किती खिडक्यांत दिवे आहेत, स्टेशनवरून आत जाणारी बस किती वेळाने येते (बऱ्याच ठिकाणी सुट्टीत बसचं टाइमटेबलच वेगळं असतं, हे कोणी सांगत नाही), बाकावर कोणी बसलंय का, लायब्ररी उघडी आहे का. तेवढ्या एका फेरीत तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

हे मी अनुभवाने सांगतेय. नोकरीसाठी मी अशाच एका गावात चार वर्षं राहिले, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर माझी खोली. थिसिस जमा करायच्या दिवसांत रात्री एकपर्यंत मशीन चालू, तापलेल्या टोनरचा वास जिन्यातून वर यायचा आणि स्पायरल बाइंडिंगचं ते खाट-खाट ऐकत मी झोपायचे. खाली पोरांची रांग, कोणाचं पान उलटं लागलेलं, कोणाच्या गाइडच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, एक मुलगी तर पायरीवर बसून चक्क रडत होती कारण तिच्या शंभर पानांवर हेडर दुसऱ्याच्या नावाचं आलं होतं. आणि सुट्टी लागली की दुकानदार खुर्ची बाहेर काढून पेपर वाचत बसायचा, संध्याकाळी मी कामावरून परत यायचे तेव्हाही तोच पेपर. तिसऱ्या वर्षी त्याचं भाडं एकदम वाढवलं, त्याने दुकान बंद केलं, तिथे कॅफे आला, छान होता, दिवे वगैरे. पहिल्याच सुट्टीत कॅफेही बंद. म्हणजे माझ्या गल्लीत आता झेरॉक्सही नाही आणि कॅफेही नाही, पण जाहिरातीत मात्र लिहिलेलं, ‘कॅफे कल्चर असलेला परिसर’!

तुझी आत्या सांगतेय त्याला अभ्यासकांनी नावही दिलंय. १९६४ मध्ये लंडनमध्ये रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द काढला, कामगारांच्या वस्त्यांत पैसेवाले येऊन राहायला लागतात आणि जुनी माणसं हळूहळू बाहेर पडतात, ते. त्यावरूनच पुढे, या शतकाच्या सुरुवातीला, डॅरेन स्मिथ या ब्रिटिश भूगोलाच्या अभ्यासकाने वस्तीत विद्यार्थीच विद्यार्थी भरतात आणि जुनी माणसं बाहेर पडतात, त्याला ‘स्टुडंटिफिकेशन’ म्हटलं. दोन्हीत फरक मोठा आहे. पहिल्यात आलेली माणसं राहतात तरी, भांडायला का होईना पण तीच माणसं रोज दिसतात. दुसऱ्यात माणसं दरवर्षी बदलतात. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे इंग्लंडमध्ये लीड्स शहरातलं हेडिंग्ली, तेच, क्रिकेटवालं. तिथे झालं असं की एका कुटुंबाच्या घरात मालकाने पाच खोल्या पाच मुलांना दिल्या, पाच भाडी एकत्र केली की ती कुठल्याही एका कुटुंबाला परवडणाऱ्या भाड्यापेक्षा जास्तच होतात, मग शेजारच्यानेही तेच केलं, मग त्याच्या शेजारच्यानेही. कुटुंबं गेली, लहान मुलं कमी झाली आणि तिथली जुनी प्राथमिक शाळा बंद पडली. त्या इमारतीत २०११ मध्ये रहिवाशांच्याच संस्थेने कम्युनिटी सेंटर सुरू केलं, हे कौतुकाचं आहे, पण शाळा गेली ती गेलीच. इंग्लंडमध्ये २०१० पासून अशा छोट्या शेअरिंगच्या घरांचा कायद्यात वेगळा वर्ग आहे, आणि कौन्सिलने ठरवलं तर एखाद्या भागात कुटुंबाचं घर तसं बदलायला आधी परवानगी घ्यायला लावता येते. हा नियम हेडिंग्लीत बराच उशिरा आला असं मला वाटतं.

म्हणून चौथीतल्या मुलीच्या आईला माझा पहिला सल्ला कॅफे मोजण्याचा नाही. शाळेत जा. पहिलीला यंदा किती मुलं आली, पाच वर्षांपूर्वी किती होती, तुकड्या वाढल्या की एकात एक मिसळल्या एवढं विचार. ऑफिसातल्या बाईंना हे आकडे तोंडपाठ असतात. शाळा भरत असेल तर गाव राहण्याचं आहे, मग गिटारवाला असो नसो.

आता नवऱ्याचा मित्र काय खोटं बोलतोय असं नाही हं. कॉलेजमुळे गावाला मिळणाऱ्या काही गोष्टी बिल्डर बापजन्मात देऊ शकत नाही. रात्री उघडी लायब्ररी, जाऊन बसता येणारी लेक्चर्स, नाटकं, मैदान, आणि मुख्य म्हणजे पायी चालणारी माणसं. कॅलिफोर्नियातलं डेव्हिस घे. तिथली युनिव्हर्सिटी मूळची शेतकी कॉलेज, १९५९ मध्ये तिचा पूर्ण कॅम्पस झाला, मुलं वाढली, सायकली वाढल्या, गाड्याही वाढल्या आणि रस्त्यावर दोघांची मारामारी सुरू झाली. तेव्हा नेदरलँड्समध्ये राहून आलेल्या एका कुटुंबाने सायकलला वेगळी पट्टी हवी हे लावून धरलं, १९६६ च्या नगरपालिका निवडणुकीत तोच मुद्दा झाला आणि १९६७ मध्ये डेव्हिसला पट्टे आखले गेले, अमेरिकेतले पहिले. आज गावाच्या बोधचिन्हावर मोठ्या चाकाची जुनी सायकल आहे. मला यातली मजा ही वाटते की डेव्हिस कूल झालं ते सह्या गोळा करून आणि मीटिंगला तासन्‌तास बसून, आणि बसली कोण तर तिथे घर असलेली, मुलं असलेली माणसं. त्यामुळे तुझं गाव बघताना एक कर, नगरपालिकेच्या मीटिंगला कोण जातं ते आत्याला विचार. कोणीच जात नाही म्हणाली तर जरा सावध.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९६१ मध्येच सांगून गेल्यात की नवीन काहीतरी करू बघणाऱ्याला जुनी इमारत लागते, कारण नव्या इमारतीचं भाडं त्याच्या खिशाबाहेर असतं. तुला आवडलेलं ते पुस्तकांचं दुकान गोडाऊनमध्ये का आहे? गोडाऊन स्वस्त आहे म्हणून. उद्या ते पाडून तिथे खाली काचेची दुकानं आणि वर स्टुडिओ फ्लॅट झाले की दुकान जाणार, आणि फ्लॅटच्या ब्रोशरवर फोटो मात्र पुस्तकांचाच असणार. तेव्हा त्या गोडाऊनचं भाडेपत्र किती वर्षांचं आहे हे दुकानदाराला गप्पांत विचारून घे, लोक सांगतात, आणि नुसतं सांगत नाहीत, मालकाला चार शिव्या घालून सांगतात.

नवरा म्हणतो आत्ताच घेऊ. का? मेट्रो येणार आहे म्हणून तर नाही ना? अमेरिकेत वॉशिंग्टनच्या कुशीतलं कॉलेज पार्क नावाचंच गाव आहे, मेरिलँड युनिव्हर्सिटीचं. १९९३ मध्ये तिथे मेट्रो स्टेशन झालं, पण कॅम्पसपासून चालायला चांगलंच लांब. मग कॅम्पसमधूनच जाणारी पर्पल लाइन नावाची रेल्वे ठरली, २०१७ मध्ये काम सुरू झालं, २०२२ चा मुहूर्त होता, तो उलटून कित्येक वर्षं गेली. उलट ॲरिझोनात फीनिक्सला चिकटून असलेल्या टेम्पीला २००८ च्या डिसेंबरात लाइट रेल खरंच सुरू झाली आणि युनिव्हर्सिटीला लागून गावाच्या मधोमध जाते. चालू असलेल्या गाडीवर घर घ्यावं, नकाशावरच्या तुटक रेषेवर नाही. (टेम्पीने अजून एक केलंय, कोरड्या नदीत फुगवलेल्या रबरी धरणांनी पाणी अडवून १९९९ मध्ये तळं भरलं. जुलै २०१० मध्ये एक रबर फाटलं आणि तळं रातोरात रिकामं! पुढे स्टीलचे दरवाजे बसवले, चाललंय छान. पण ‘लेक व्ह्यू’ ऐकलं की मला ते रबर आठवतं.)

दंग्याचं म्हणशील तर त्यातून सुटका नाही. ऑक्सफर्डला १३५५ मध्ये टॅव्हर्नमधल्या वाइनच्या चवीवरून विद्यार्थ्यांची वादावादी झाली, तिचा दंगा झाला आणि दोन्ही बाजूंची मिळून नव्वदच्या आसपास माणसं मेली, त्याचं प्रायश्चित्त गाव १८२५ पर्यंत दरवर्षी घेत होतं. आणि कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत तर शेजाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या गोंगाटाला प्रदूषण म्हणून कोर्टात नेलं. २०२३ च्या फेब्रुवारीत अपील कोर्टाला ते पटलंही, मग सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलला आणि २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने युनिव्हर्सिटीच्या बाजूने निकाल दिला. तुला एवढंच बघायचंय की कुठली गल्ली. कॅम्पसपासून दोन गल्ल्या सरकलं तरी रात्रीचा फरक पडतो, आणि तो कळायला गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री साडेअकराला तिथे उभं राहावं लागतं, ब्रोकर अकरा वाजता घर दाखवतो ते सकाळच्या.

तर माझं मत विचारलंस म्हणून सांगते: जा, पण घेऊ नका. एक वर्ष भाड्याने राहा आणि ते वर्ष असं धरा की त्यात एक पूर्ण मोठी सुट्टी येईल. भाडं फुकट जातं असं नवरा म्हणेल, म्हणू दे. दोन वर्षांनी हात पोचणार नाही ही भीती खरी असू शकते, मी ती उडवून लावत नाही, पण हीच भीती विकून घरं खपवली जातात हेही तितकंच खरं. आणि भाड्याचं घर आत्याच्याच गल्लीत मिळालं तर बघ, ओळखीची घरं तीनाची चार होतील.

प्रश्न: ताई, मी अशाच एका गावात एम.ए. करतेय. आम्ही चौघी एका घरात राहतो. शेजारचे आजोबा जाता-येता ऐकवतात की तुमच्यामुळे भाडी वाढली, गाव बिघडलं. आम्ही दंगा करत नाही, अभ्यास करतो, अर्धा पगार भाड्यात जातो (पार्टटाइम करते मी). आमचा दोष काय?
– चौथी खोली

उत्तर: भाडं तुम्ही ठरवलं नाही, मालकाने ठरवलं. युनिव्हर्सिटीने सीट वाढवल्या आणि हॉस्टेल वाढवलं नाही, तोही निर्णय तुमचा नव्हता. त्यामुळे अपराधी वगैरे वाटून घेऊ नकोस. पण आजोबांच्या बाजूने एकदा बघ, त्यांच्या शेजारी दर वर्षी नवी चार माणसं येतात आणि नावं कळेपर्यंत जातात. बॉस्टनमध्ये ऑलस्टन म्हणून विद्यार्थ्यांचा भाग आहे, तिथले बहुतेक भाडेकरार एकाच दिवशी, १ सप्टेंबरला बदलतात, अख्खा रस्ता गाद्या, टेबलं, दिव्यांनी भरलेला असतो आणि लोक त्यातलं उचलून नेतात, गमतीत त्याला ‘ऑलस्टन ख्रिसमस’ म्हणतात. उचलणाऱ्याला गंमत. ज्याच्या दाराशी ती गादी आठवडाभर पावसात भिजत पडते त्याला विचार.

तुम्ही घर सोडाल त्या दिवशी सामान दारात टाकून जाऊ नका, आणि त्याच्या बरंच आधी, म्हणजे या रविवारीच, चौघी जाऊन आपापली नावं सांगून या. आजोबांना फोनवर काहीतरी सेट करून हवंच असेल, या वयात असतंच. आणि बोलता बोलता त्यांना विचार की ही आपली खोली आहे त्या घरात आधी कोण राहायचं. तासभर मोकळा ठेवून जा.