लाजाळू मुलीने पुण्यातलं कॉलेजचं पहिलं वर्ष कसं काढावं?

तुझा प्रश्न असा आहे: लातूरहून पुण्यात एफवाय बीएस्सीला आलीस, शिक्षण मराठी माध्यमातलं, स्वभाव लाजाळू. महिना उलटला तरी वर्गात कोणाशी ओळख नाही, मेसमध्ये एकटीच जेवतेस. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीतच लिहिते.

बोलकं व्हायच्या मागे लागू नकोस. शंभर-सव्वाशे जणांच्या लेक्चरला बोलक्या मुलींच्याही फारशा ओळखी होत नाहीत. त्या होतात प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये. तिथे माणसं कमी असतात, दर आठवड्याला तीच असतात आणि हाताला काम असतं. लाजऱ्या माणसाला विषय काढणं जड जातं, पण ‘तू ब्युरेट बघ, मी रीडिंग लिहिते’ हे जमतं. चार आठवडे एकाच पार्टनरबरोबर टायट्रेशन केलंस की पाचव्या आठवड्यात ती आपणहून विचारते, ‘उद्या येणारेस ना?’ म्हणून बॅच बदलून घेऊ नकोस, प्रॅक्टिकल बुडवू नकोस.

जर्नलचं, म्हणजे प्रयोगवहीचं, मात्र आत्ताच मनावर घे. मॅडमच्या टेबलाभोवती गर्दी दिसली की लाजाळू मुली ‘पुढच्या वेळी’ म्हणून मागे फिरतात. असं करत सत्राअखेर सात-आठ सह्या राहतात, जर्नल सर्टिफाय होत नाही आणि ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर धावाधाव होते. बॅच सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं टेबल मोकळं असतं, तेव्हा मागच्या प्रयोगाची सही घे. बोलायचं वाक्य आधीच वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव: ‘मॅडम, मागच्या प्रयोगाचा ग्राफ बघता का?’ एवढं पुरतं. शंका मराठीत विचारली तरी चालते. रसायनशास्त्राचे शब्द इंग्रजी, बाकी वाक्य मराठी, असंच इथे बहुतेक जण बोलतात. आणि तुझी लातूरकडची बोली मुळीच बदलू नकोस. ती लपवायला गेलीस तर प्रत्येक वाक्य दोनदा तपासून बोलावं लागतं, आणि मग बोलणंच थांबतं.

वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरची एकच जागा धर आणि लेक्चरच्या पाच मिनिटं आधी जाऊन बस. दाराजवळचा शेवटचा बाक सुरक्षित वाटतो, पण तिथे शेजारी रोज बदलतात. कानातले इअरफोन काढून ठेव. ते घातलेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही.

आता रविवार. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. बाहेरगावच्या मुलांना सगळ्यात एकटं वाटतं ते याच संध्याकाळी, आणि बहुतेक जणी खोलीत मॅगी करून फोन बघत बसतात. पण सोबत मागायला इतकं सोपं निमित्त आठवडाभरात दुसरं नाही. शनिवारी प्रॅक्टिकलच्या पार्टनरला किंवा शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचार, ‘उद्या रात्री मेस बंद आहे, तू कुठे जेवणार आहेस?’ हे आमंत्रण नाही, नुसती चौकशी आहे, त्यामुळे नकार आला तरी लागत नाही. होकार आला तर डोसा खाऊन तासाभरात परत या. पहिल्या भेटी छोट्याच बऱ्या, दमायला होत नाही.

दर शुक्रवारी रात्री लातूरची गाडी पकडू नकोस. घरची ओढ मला कळते, पण दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदाच जा. टेकडीवर जाणं, एकत्र सबमिशन लिहिणं, हे सगळं शनिवार-रविवारीच ठरतं. दोन-तीनदा ‘मी गावी आहे’ म्हटलंस की पुढे विचारायचंच राहून जातं. त्यात आकस कोणाचाच नसतो.

गर्दीत शिरायचं तर काम घेऊन शीर. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी कॉलेजच्या टीमला रंगमंचामागे माणसं लागतातच: प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान, कपडेपट, संगीताचे क्यू. तालमी महिनाभर रोज चालतात आणि रंगमंचावर तोंड उघडावं लागत नाही. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर असतं. पैशाची ओढाताण असेल तर ‘कमवा व शिका’ या शिकता शिकता कमवायच्या योजनेखाली ग्रंथालयात काम मिळतं का ते कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचार. पुस्तकं देता-घेता रोज दहा जणांशी दोन-दोन वाक्यं होतात, तेवढा सराव पुष्कळ आहे. यातलं एकच निवड. तिन्ही घेतलंस तर अभ्यास मागे पडेल.

ओरलला छातीत धडधडेल, आवाज कापेल. पहिलं मिनिट सर्वांत वाईट असतं, नंतर ते उतरतं. मात्र त्या मिनिटात उठून गेलीस तर भीती पुढच्या वेळी वाढलेली असते, कारण ती उतरताना तू पाहिलेलीच नसते. आदल्या रात्री प्रयोगाचं तत्त्व, सूत्र आणि एकक मोठ्याने बोलून बघ. मनातल्या मनात केलेलं पाठांतर ओरलला घशात अडकतं.

पण दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, खोलीबाहेर पडवत नसेल, तर हा नुसता लाजाळूपणा नाही. कॉलेजमध्ये समुपदेशक असतील तर त्यांना भेट, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काय बोलावं सुचलं नाही तर इथे विचारलास तोच प्रश्न वाचून दाखव.