आधी वजन टाक

प्रिय बाळ,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा वर्गातला व्हिडिओही बघितला. बेंगळुरात स्विंगचा, म्हणजे जाझच्या तालावर जोडीनं करायच्या नाचाचा, चार आठवड्यांचा वर्ग केलास, वहीभर मूव्ह लिहून घेतल्यास, आणि आता खानापूरला घरी येऊन गाणं लावलं की त्यातली एकही पायात येत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत झांजपथकात रात्रभर न थकणारे पाय इथंच का अडकतात, असं विचारतोस. शिवाय पुढच्या लेव्हलला नाव घालू की सोडून देऊ, हेही. दोन्ही करू नको. तुझं दुखणं एकच आहे आणि ते वहीत सापडणार नाही. तू पाऊल टाकतोस, वजन टाकत नाहीस.

या नाचात 'स्टेप' म्हटलं की अंगाचं सगळं वजन त्या पायावर गेलं पाहिजे. निम्मं नव्हे, बरंचसं नव्हे, सगळं. तू पाय नुसता टेकवतोस आणि धड दोन पायांच्या मध्येच राहतं. मग पुढच्या ठोक्याला कुठला पाय मोकळा आहे हे तुझं तुलाच कळत नाही. समोरच्या मुलीला कुठून कळणार? लीड करणं, म्हणजे जोडीत पुढाकार घेऊन दिशा देणं, म्हणजे हातानं ढकलणं नव्हे. तुझं धड कुठं निघालं त्यावरून तिला दिशा कळते, आणि धड वजनाबरोबरच जातं. व्हिडिओत ती बिचारी सारखी तुझ्या पायांकडं बघते ती त्याचमुळं.

परीक्षा अशी कर. एक पाऊल टाक आणि तिथंच थांब. आता दुसरा पाय जमिनीपासून चार बोटं उचल. उचलण्याआधी कंबर बाजूला सरकवावी लागली, तर वजन पोचलंच नव्हतं. न सरकता पाय उचलला, तर पाऊल खरं. ही परीक्षा प्रत्येक पावलाला, गाण्याशिवाय, भिंतीजवळ उभं राहून. कंटाळा येईल. येऊ दे.

उभं राहायची रीत पण सांगते, कारण तू छाती काढून सावधानमध्ये उभा राहतोस. गुडघे सैल, कंबर थोडी मागं, धड खुब्यातून किंचित पुढं, वजन चवड्यावर, टाच जमिनीला लागलेली पण तिच्यावर भार नाही. या नाचातले नावाजलेले नर्तक फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) नाचताना केवढे पुढं झुकलेले असायचे ते त्यांच्या जुन्या चित्रफितींत बघ. तुला तेवढं झुकायला नको, पण दिशा तीच. मग ठोका. तुझ्या अंगाला ठोक्यावर वर उसळायची सवय आहे, झांजपथकात ती शोभते. इथं ठोका खाली जातो. प्रत्येक ठोक्याला गुडघा थोडा वाकतो आणि मधल्या वेळात आपोआप सरळ होतो. उसळत राहिलास की ठोका येतो तेव्हा तू हवेत असतोस, आणि हवेतल्या माणसाचं वजन कुठल्याच पायावर नसतं. आलं ना फिरून तिथंच?

गाणं निवडताना तू पहिली चूक करतोस ती वेगाची. सुरुवातीला मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचं गाणं हवं. मोजायचं कसं? १५ सेकंद ठोके मोज, चारनं गुण. १५ सेकंदांत ३० ते ३२ आले तर ठीक, ४५ आले तर ते गाणं आत्ता बंद कर. १२० ला एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो, म्हणजे ट्रिपल स्टेपची, दोन ठोक्यांत टाकायची, तीन पावलं एका सेकंदात बसतात. १८० ला तीच तीन पावलं दोन तृतीयांश सेकंदात. वजन टाकायला वेळच उरत नाही, आणि मग पाय फरफटायला लागतात.

आता कान. आपल्याकडं टाळी समेला. भजनात, आरतीत, मिरवणुकीत जोर पहिल्या मात्रेवर, आणि तो अंगात इतका मुरलाय की तुला जाणवतही नाही. स्विंगमध्ये चार ठोक्यांच्या मापात बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, चारही ठोके चालतो, पण ड्रमवाल्याच्या पायाखालच्या झांजेचा 'चिक' दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, आणि टाळीही तिथंच. घरात चालत चालत सराव कर, पाऊल प्रत्येक ठोक्याला आणि टाळी फक्त दोन आणि चारला. पहिल्या दिवशी टाळी घसरून एकवर येईल. पावलं चालू ठेव, टाळी थांबव, पुन्हा पकड. हे जमल्याशिवाय पुढं गेलास तर तुझा प्रत्येक रॉक स्टेप, म्हणजे एक पाऊल मागं आणि लगेच परत जागेवर, आदळल्यासारखा दिसेल. सध्या तसाच दिसतोय.

ट्रिपल स्टेप म्हणजे दोन ठोक्यांत तीन वेळा वजन बदलणं. तीन पावलं सारख्या अंतरानं नाहीत. पहिलं ठोक्यावर, तिसरं पुढच्या ठोक्यावर आणि मधलं उशिरा, तिसऱ्याला चिकटून. ठोक्याचे तीन भाग केले तर मधलं पाऊल तिसऱ्या भागावर पडतं. तोंडानं म्हण, 'डाऽ ग-डा, डाऽ ग-डा'. भजनी ठेक्यातला झोका तुझ्या कानाला लहानपणापासून ओळखीचा आहे, तोच कान इथं लाव. मधल्या 'ग'ला बहुतेकजण नुसता पाय घासतात, वजन टाकत नाहीत. तीन बदलांचे दोनच झाले की उलटा पाय मोकळा राहतो आणि पुढची मूव्ह चुकीच्या पायावर सुरू होते. तू वहीत 'टर्न जमत नाही' असं जे लिहिलंयस ना, तो टर्नचा दोष नाही. टर्नच्या आधीच्या ट्रिपलमध्ये 'ग' खाल्लायस.

सहा ठोक्यांचं मूळ पाऊल पुन्हा मांडते, तुझ्या बाजूनं. एकला डावा मागं, दोनला उजवा जागच्या जागी. तीन-चारमध्ये डावा-उजवा-डावा, पाच-सहामध्ये उजवा-डावा-उजवा. फॉलो करणारी उलट्या पायानं, उजव्यापासून. सहा ठोक्यांत वजन आठ वेळा बदललं. आठ सम आहे, म्हणून शेवटी डावा पुन्हा मोकळा. आठ ठोक्यांच्या स्विंग आउटमध्ये, म्हणजे जोडीदाराला जवळ घेऊन पुन्हा लांब सोडायच्या मूव्हमध्ये, रॉक स्टेप, ट्रिपल, दोन चालीची पावलं, ट्रिपल, म्हणजे दहा बदल. तेही सम. हिशेब विषम आला तर एक बदल कुठंतरी गिळलास, शोध. वहीत मूव्हची नावं लिहिण्यापेक्षा हे आकडे लिहिले असतेस तर अर्ध्या शंका स्वतःच सोडवल्या असत्यास.

रॉक स्टेपचं वेगळं सांगायला हवं. मागचं पाऊल वीतभरसुद्धा नको. चवडा टेकव, टाच हवेत राहू दे, आणि धड मागं फेकू नको. तू हातभर मागं जातोस, म्हणून परत यायला जोडीदाराचा हात ओढावा लागतो. तिचा खांदा दुखतो आणि ती सांगत नाही. आता तू म्हणशील, चवड्यावर टेकवायचं म्हणजे वजन अर्धंच. नाही. पाऊल छोटं असलं तरी वजन पूर्ण जातं आणि पूर्ण परत येतं. उजवा पाय जागेवर एक क्षण हलका झाला पाहिजे.

एक गोष्ट तुला आवडेल, तबल्यावर बोटं फिरलीयत म्हणून. संगीत आठा-आठानं चालतं आणि तुझं पाऊल सहाचं. दुसऱ्या वेळी तुझा 'एक' सातव्या ठोक्यावर येतो, मग पाचव्यावर, मग तिसऱ्यावर. घाबरू नको, काही चुकलेलं नसतं. चार वेळा सहा म्हणजे चोवीस, आठाची तीन आवर्तनं. पाचव्या वेळी तू बरोबर समेवर असतोस. सुरुवात फक्त विषम ठोक्यावर कर. दोनवर सुरू केलंस तर जन्मभर उलटा राहशील.

हात. जोडीदाराच्या बोटांवर अंगठा दाबून धरतोस, तो आधी काढ. बोटं नुसती आकड्यासारखी वळलेली आणि हात तिच्या कमरेच्या उंचीवर. दोघांनी मिळून ओली चादर पिळताना दोन्ही टोकांना जेवढा ताण ठेवतात तेवढाच ताण हवा. कमी झाला तर चादर लोंबते, जास्त झाला तर समोरच्याच्या हातून सुटते. हा ताण दंडातून आणायचा नाही. स्वतःचं वजन स्वतःच्या पायावर, किंचित तिच्यापासून दूर. पाय वजन घेत नसतील तर दंड घेतात, मग नाचाची कुस्ती होते.

बुटांबद्दल तू तीन ओळी लिहिल्यास आणि नेमका चुकीचा बूट घातलास. धावायच्या बुटाचा रबरी तळ फरशीला धरून ठेवतो. गिरकीत पाय अडकतो, वरचं अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात जातो. गुळगुळीत, कडक तळ हवा, चामड्याचा असला तर उत्तम. जुन्या कॅनव्हास बुटाला पातळ चामड्याचा तळ मोच्याकडून चिकटवून घे, अथणीकडं चामड्याची कामं पिढ्यान्‌पिढ्या करणारे कारागीर आहेत. पण कोल्हापुरी पायताण घालून नाचू नको, टाचेला धरायला काही नसतं आणि मागं पाऊल टाकताना ते निसटतं. घरात खडबडीत शहाबादी असेल तर गिरक्या घेऊच नको, पावलंच कर. आणि कॅरमची पावडर फरशीवर टाकायची आयडिया कुणी सुचवली तर त्याला घरी पाठव.

जोडीदार नाही ही तुझी तक्रार मला कळत नाही. बहुतेक वर्गांत जोड्या दर काही मिनिटांनी बदलतात, एकट्यानं जाणारेच जास्त असतात. आत्ता गावात जोडीदार नाही हे बरंच आहे, कारण वजन एकट्यानंच शिकायचं असतं. जमलं तर फॉलोची पावलंही कर, उजव्यापासून. दोन्ही बाजू पायात असल्या की समोरच्याला काय हवं असतं ते समजतं. वर्गाला जाताना कडं आणि घड्याळ काढून ठेव, नखं काप, आणि पावसाळ्यात घामट होतं म्हणून एक सुका शर्ट आणि टॉवेल पिशवीत असू दे. सोशलला, म्हणजे वर्गाबाहेर सगळे मोकळेपणानं नाचायला जमतात तिथं, कुणी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. नाचता नाचता समोरच्याला शिकवायचं तर मुळीच नाही.

आणि त्या उड्या. चित्रफितीत जोडीदाराला पाठीवरून पलटी मारताना बघितलंस आणि तेच शिकायचंय म्हणतोस. हवेतल्या अशा पलटीचं श्रेय १९३५ सालच्या फ्रँकी मॅनिंगना देतात. पण ती कुठून आली ते बघ की. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडला आणि १९५८ पर्यंत चालला. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचायचे, आणि तिथल्या कृष्णवर्णीय पोरांनी रात्रीमागून रात्री ही पावलं घासून घडवली. आधी पाय पक्के झाले, मग उडी आली. गर्दीच्या फरशीवर उडी आजही कुणी मारत नाही. मारणाऱ्याला शहाणे लोक पुन्हा नाचायला बोलवत नाहीत.

तर लेव्हलचं. बिगिनरचाच वर्ग पुन्हा कर. पैसे वाया जातील असं वाटतंय ना? वरच्या वर्गात जाऊन वाया जातील. तिथं शिक्षक पायांकडं बघत नाहीत, ते झालेलं आहे असं धरून चालतात. मी पहिल्या तासाला कुणाला कुणाचा हात धरू देत नाही, नुसतं चालायला लावते, म्हणून माझ्याकडं गर्दी नसते आणि दुसऱ्या तासाला आणखी कमी होते. गिरक्या शिकवणारे वर्ग भरतात. भरू देत. गुडघ्याला पट्टा बांधून, खांदा चोळत परत येणारी पोरं मग माझ्याकडंच येतात, आणि त्यांची सवय मोडायला नव्या माणसाला शिकवण्याच्या दुप्पट वेळ लागतो. वेळीच आली असती तर एवढं करावं लागलं नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. हट्टी म्हणतात मला. असेन. पण हट्ट कशाचा आहे ते तरी बघ, माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहून नाचावं एवढ्याचाच ना?

रोज पाच गाणी, साधारण १५ मिनिटं. पहिल्या गाण्याला फक्त गुडघ्याचा ठोका आणि चालणं. दुसऱ्याला चालणं, टाळी दोन-चारला. तिसऱ्याला नुसते ट्रिपल, आधी जागच्या जागी, मग डावी-उजवीकडं, पाऊल पायाच्या निम्म्या लांबीएवढंच. चौथ्याला सहाचं पाऊल, तोंडानं मोजत. पाचव्याला तेच, न मोजता. मोजणं सोडलं की पाय चुकले, तर दुसऱ्या दिवशी चौथं गाणं दोनदा. गडबड करून स्विंग आउटला हात लावू नको.

आठवड्यानं मला ३० सेकंदांचा व्हिडिओ पाठव. मोबाइल जमिनीवर टेकवून बाजूनं घे, घोट्यापासून कमरेपर्यंत दिसलं पाहिजे, चेहरा नसला तरी चालेल. गाणं १३० च्या आतलं. आणि वही पाठवू नको.

तुझी,
काकू